डावा मेंदू, उजवा मेंदू आणि आपला धंदा

‘हा मुलगा डाव्या मेंदूचा, हिशेबाला बसवा, तो उजव्या मेंदूचा, नक्षीला लावा,’ असे बाजारात सर्रास बोलले जाते. याला शास्त्राचा आधार नाही. मेंदूचे दोन भाग जोडणारा दुवा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांचा अभ्यास रॉजर स्पेरी यांनी केला. १९८१ साली त्यांना नोबेल मिळाले. बहुतेकांची भाषा डावीकडे असते, हे खरे. पण २०१३ साली अमेरिकेच्या युटा विद्यापीठाने हजारावर मेंदूंची चित्रे तपासली. कोणाचाही सबंध डावा वा उजवा भाग वरचढ आढळला नाही. आम्ही कापडवाले तर जाणतोच, जकार्डची नक्षी तारा मोजूनच उतरते. म्हणून कारागीर बंधूंनो, मुलाला वहीखातेही शिकवा. नाहीतर कष्ट आपले आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती!