शंभराचा कागद, दोनशेचा कागद

बिबवेवाडीत अप्परकडे जाताना चार मजली जुन्या सोसायट्या लागतात. त्यातल्याच एका सोसायटीत माझ्या मावशीचा फ्लॅट. गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला निघाली तेव्हा बिल्डरच्या वकिलाने शेअर सर्टिफिकेट मागितलं. त्याने ते उलटं करून मागचे रकाने पाहिले. सगळे कोरे. पुढच्या बाजूला नाव काकांचं, आणि काकांना जाऊन नऊ वर्षं झालेली. "पण नॉमिनी मीच आहे की," मावशी म्हणाली.

नॉमिनी म्हणजे मालक, हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर 2013 मध्ये गेले. मागे मृत्युपत्रही होतं आणि गुंतवणुकींवर नॉमिनींची नावंही होती. मग खरं कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला: नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. सोसायटीचंही तेच. सहकार कायद्यानुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो.

काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. मावशी आणि दोन मुली, तिघींत वाटा, असं घरात सगळे धरून चालले होते. वकिलाने विचारलं, "ते गेले तेव्हा त्यांची आई होती का?" होती; त्यानंतर चार वर्षं जगली. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने आईचाही वाटा असतो. म्हणजे चौथा हिस्सा सासूबाईंचा. त्या गेल्यावर तो त्यांच्या सगळ्या मुलांकडे गेला. म्हणजे ज्यांच्याशी दिवाळीच्या फोनापलीकडे संबंध उरला नव्हता, त्या साताऱ्याच्या दिरांचीही सही आता हवी. फ्लॅट काकांच्या स्वतःच्या कमाईचा होता. दीड पानाच्या मृत्युपत्रात हे सगळं मिटलं असतं.

आता खर्च बघा. जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय हक्कसोडपत्र केलं तर मुद्रांक 500 रुपये (ऑक्टोबर 2024 पर्यंत 200 होता). आपलं नातं त्या सवलतीच्या यादीत बसतं का, हे आधी विचारून घ्या. नोंदणीचा खर्च वेगळा. मोठी लेक न्यू जर्सीत, म्हणून तिचं कुलमुखत्यारपत्र तिथून साक्षांकित होऊन आलं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. कोणी अडून बसलं तर शिवाजीनगर कोर्टात वारस दाखला, त्याची जाहीर नोटीस, वकिलाची फी आणि कित्येक महिने. सोसायटीचा खर्च मात्र किरकोळ: हस्तांतरण फी 500, प्रवेश फी 100. वारसाच्या नावावर करताना प्रीमियम घेता येत नाही. ‘बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या’ असं सेक्रेटरी म्हणाले तर उपविधी दाखवायला सांगा.

याउलट मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, फी 100 रुपये. पानागणिक हाताळणी शुल्क वेगळं. हवेलीच्या कुठल्याही दुय्यम निबंधकाकडे जा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकरता अर्ज केला तर अधिकारी घरीही येतात. मसुद्याची वकिलाची फी ठरलेली नसते, म्हणून दोघा-तिघांना विचारा आणि नोंदणीच्या दिवसाचे पैसे त्यात धरलेत का, तेही. पुण्यात केलेल्या, पुण्यातल्याच मिळकतीच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाही. वय झालं असेल तर ‘शुद्धीवर आहेत, समजून-उमजून सही केली’ असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीच्या तारखेचा घ्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला बसवू नका.

दुसरा कागद दोनशेचा. राहतं घर मुला-मुलीच्या किंवा नातवंडाच्या नावे बक्षीसपत्राने केलं तर मुद्रांक फक्त 200 रुपये. बाजारमूल्याच्या टक्केवारीने लागणारा महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा, तो आधी काढून घ्या. भाऊ-बहिणीला दिलं तर तीन टक्के. सून या दोनशेच्या यादीत नाही, विधवा सून आहे. ‘पुढची कटकट नको’ म्हणून लोक हा कागद करून मोकळे होतात. मला विचाराल तर हाच कागद महागडा. मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्र झालं की घर गेलं. करायचंच असेल तर ‘मरेपर्यंत राहण्याचा हक्क आमचा’ आणि ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ ही दोन वाक्यं त्यातच लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली असं हस्तांतरण प्रांतांसमोरच्या न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. पण ती अट कागदात आहे का, हा प्रश्न तिथे पहिला येतो. निर्वाहाचा अर्जही तिथेच, कायद्यातली मर्यादा महिना 10 हजार. वाट विचारायला 14567 ही हेल्पलाइन आहे.

आणखी एक फसगत कुलमुखत्यारपत्राची. ‘बाबांनी सह्यांचे अधिकार दिलेत’ या भरवशावर घरं चालतात. बाबांना स्मृतिभ्रंश होऊन त्यांचं भान गेलं की तो कागद कायद्याने संपतो. नेमकी गरज तेव्हाच असते. मग पालकत्वासाठी थेट उच्च न्यायालय.

दिरांनी सही केली. वर साताऱ्याचे कंदी पेढेही आणले. त्यानंतर महिनाभरात मावशीने स्वतःचं मृत्युपत्र करायला घेतलं. साक्षीदार म्हणून भिशीतली पंच्याहत्तरीची मैत्रीण नवी साडी नेसून आली होती. वकील म्हणाले, "आजी, वेळ आली तर कोर्टात येऊन सांगायला साक्षीदार लागतो. जरा तरुण बघूया." मैत्रीण रुसून बसली. शेवटी खालच्या मेडिकलवाल्या पोराने सही केली, आणि चहा मैत्रिणीने केला.