कठडा नसलेले छप्पर

अभ्यासलेख
शास्त्रवाचन : अनुवाद २२:८, उपदेशक १०:९-१०



सातपुड्याच्या पायथ्याशी आपले जे सुतारकाम प्रशिक्षण केंद्र चालते, त्याची बातमी तुम्ही या पत्रिकेत नेहमी वाचता. किती मुले शिकून बाहेर पडली, किती बाके तयार झाली, हे आम्ही आनंदाने कळवतो. या वेळी मात्र एका अपघाताविषयी आणि त्यातून शिकलेल्या धड्याविषयी लिहीत आहे. त्यात चूक माझी होती. ती तुमच्यापासून लपवून शास्त्राचा अभ्यास मांडणे मला बरे वाटत नाही.

आपल्या केंद्रात स्पिंडल मोल्डर नावाचे मशीन आहे. काही ठिकाणी त्याला शेपर म्हणतात. दिसायला ते लोखंडी टेबलासारखे असते. टेबलाच्या मधल्या भोकातून एक उभा दांडा वर येतो आणि त्यावर धारदार पाती बसवलेला कटर फिरतो. खिडकीच्या चौकटीची खाच, दाराच्या कडेचा गलता, फळीची गोलाई, जे काम हातरंध्याने करायला दिवस जातो, ते हे मशीन तासाभरात करते. पावरा आणि भिल्ल घरांतून आलेल्या आमच्या मुलांचा हात कुऱ्हाडीवर आणि वाकसावर लहानपणापासून बसलेला असतो. लाकडाची नस त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळते. हे मशीन मात्र कुऱ्हाडीसारखे चूक सांभाळून घेत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुरू होण्याआधी वसतिगृहाच्या खिडक्या बसवायच्या होत्या. समर्पणाची उपासना रविवारी ठरली होती, पाहुण्यांना निमंत्रणे गेली होती. आमचे मिस्त्री गावी गेले होते. चौकटीचे काही तुकडे आखूड होते, जेमतेम वीतभर. मशीनवरचे गार्ड आणि दाबपट्टी लावली की ते तुकडे पुढे सरकेनात. एकोणीस वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, "सर, गार्ड काढू का? नाहीतर आज होणार नाही." मी घाईत होतो. म्हणालो, "काढ, पण जपून कर."

दहा मिनिटांनी ओरडणे ऐकू आले. तुकड्यात गाठ होती. कटरने तो तुकडा हिसकावून भिंतीवर फेकला आणि त्यामागे असलेला मुलाचा हात पुढे गेला. डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक गेले. देवाच्या दयेने बाकीचा हात वाचला.

दवाखान्यातून परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, सकाळी आपण प्रार्थना केली होती ना?"

मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला आहे. दुःखाच्या प्रश्नावर मी वर्गात पेपर लिहिले आहेत. त्या गाडीत मला एकही उत्तर सुचले नाही.

शास्त्र काय शिकवते

त्या आठवड्यात वाचता वाचता मी अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायापाशी थांबलो. इस्राएली लोकांची छपरे सपाट असत. राहाबने हेरांना लपवले ते छपरावर वाळत घातलेल्या तागाच्या काडांखाली, हे आपल्याला यहोशवाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. छपरावर माणसांचा रोजचा वावर असे. म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे, की नवे घर बांधणाऱ्याने छपराला कठडा करावा. तसे न केल्यामुळे कोणी खाली पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो.

दोष कोणावर ठेवला आहे, ते पाहा. पडणाऱ्याने जपून चालावे, असे तिथे म्हटलेले नाही. कठडा करण्याची जबाबदारी घर बांधणाऱ्याची आहे. "जपून कर" हे माझे शब्द मला आठवले. कठडा मी काढायला लावला आणि जपण्याचे ओझे त्या मुलाच्या खांद्यावर टाकले.

उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात तर लाकूडकामाचाच उल्लेख आहे. लाकडे फोडणाऱ्याला त्यांपासून इजा होऊ शकते आणि हत्यार बोथट असेल तर जास्त जोर लावावा लागतो, पण शहाणपण कामी येते, असा त्याचा आशय आहे. धोका खरा आहे हे शास्त्र नाकारत नाही. धोक्यावर शहाणपणाचा उपाय ते सांगते.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इतकेच सापडले. सकाळची प्रार्थना देवाने ऐकली होती. त्या दिवशी त्याने जे रक्षण दिले होते, ते पत्र्याचे आणि लाकडाचे होते, आणि ते मी बाजूला काढून ठेवले.

मशीन काय शिकवते

त्यानंतर आम्ही मशीन दोन महिने बंद ठेवले. लाकडाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले एक निवृत्त मिस्त्री आमच्याकडे राहायला आले आणि त्यांनी मुलांबरोबर मलाही पहिल्यापासून शिकवले. त्यांनी पहिल्या दिवशी खडूने फळ्यावर हिशेब मांडला. कटरचा व्यास १२५ मिलिमीटर आणि वेग मिनिटाला ६००० फेरे धरला, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या वेगाने धावते. दोन पाती असतील तर सेकंदाला २०० घाव बसतात. "हात मागे घेऊ म्हणाल, तर तेवढा वेळच नाही," ते म्हणाले. कटर जितका मोठा तितका वेग कमी ठेवायचा, हेही त्यांनी शिकवले. कटरवर लिहिलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेगाने तो कधीही फिरवायचा नाही.

त्यांनी शिकवलेल्या गोष्टींपैकी मुख्य येथे देतो. तुमच्या ओळखीत कोणी सुतार असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

१. पाती बदलताना किंवा कटर बसवताना मेन स्विच बंद. नट घट्ट केल्यावर पाना जागेवर ठेवायचा आणि कटर हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहायचा. कुठे घासत नाही ना, याची खात्री झाल्यावरच बटण दाबायचे.

२. लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवायचे. आमच्या मशीनवर वरून पाहिले तर कटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे जाते. कटरच्या दिशेने सरकवले तर तो लाकूड हातातून ओढून घेतो.

३. आमच्या भागात लाइनचे काम झाले की कधी कधी थ्री फेजच्या तारा उलटसुलट जोडल्या जातात. शेतातला पंप उलटा फिरतो तसे मशीनही उलटे फिरते. तेव्हा कटर लाकूड ओढतो आणि नटही सैल होऊ शकतो. म्हणून दुरुस्तीनंतर आधी रिकामे मशीन क्षणभर चालू करून दिशा पाहायची.

४. वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी वीज गेल्यावर सुटणारा स्टार्टर हवा. आमच्याकडे साधा स्विच होता, तो बदलला.

५. एका वेळी थोडेच लाकूड काढायचे. खोल खाच दोन-तीन वेळा सरकवून पूर्ण करायची. शक्य असेल तिथे कटर लाकडाच्या खालच्या बाजूला ठेवायचा. तो लाकडाखाली झाकला जातो, आणि लाकूड जरा वर उचलले गेले तरी ते कटरपासून दूर जाते.

६. फळीच्या चारही कडांना गलता करायचा असेल, तर आधी आडव्या नसेच्या कडा आणि मग लांबीच्या कडा. आडव्या कडेच्या टोकाला लाकूड तुटले तरी पुढच्या फेरीत ते निघून जाते.

७. आखूड तुकडा मशीनवर नाही. आधी लांब पट्टीवर खाच पाडायची आणि मग तुकडे कापायचे. अरुंद पट्टी हवी असेल तर रुंद फळीच्या कडेवर काम करून नंतर पट्टी चिरायची. वाकड्या आकाराचा तुकडा पकडीच्या साच्यात घट्ट बसवायचा.

८. लाकूड दाबून धरायला कंगव्यासारखे दात पाडलेली फळी आणि पुढे ढकलायला लाकडी ठोकळा. बोटे कटरच्या रेषेत कधीच नाहीत.

९. हातमोजे, गळ्यातला गमछा, मनगटातला दोरा किंवा कडे चालत नाही. कानाला आणि नाकातोंडाला संरक्षण हवे. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर कर्करोगाचा धोका असतो.

१०. बटण बंद केल्यावरही कटर काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत हात टेबलावर न्यायचा नाही.

सातवा नियम वाचताना मला आजही लाज वाटते. ते वीतभर तुकडे आधी लांब पट्टीवर करून मग कापले असते, तर गार्ड काढायची वेळच आली नसती. ज्याला मी वेळ वाचवणे समजत होतो, ते अज्ञान होते.

आपल्यासाठी बोध

१९४८ च्या कारखाने कायद्यानेही यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा असला पाहिजे, असे सांगितले होते. आपली छोटी कार्यशाळा त्या कायद्यात बसत होती की नाही, हा वकिलांचा प्रश्न आहे. देवाच्या आज्ञेत मात्र आपण सगळे बसतो.

मशीन देणारे दाते आपल्याला मिळतात. मशीनवर त्यांच्या नावाची पाटी लागते, फोटो निघतो, आणि त्याबद्दल आम्ही देवाचे व त्यांचे आभार मानतो. गार्ड, स्टार्टर, धार लावण्याचा खर्च आणि चांगल्या मिस्त्रींचे मानधन यांवर कोणाची पाटी लागत नाही. तरीही आदिवासी घरातल्या मुलाचे हात हेच त्याचे शेत आणि हीच त्याची पेढी असते. त्याला हुन्नर द्यायला निघालेल्या आपण त्याचे बोट घ्यावे, हे प्रभूला कसे आवडेल? आपला प्रभू स्वतः सुतार होता.

तो मुलगा केंद्रात परत आला. मी त्याची आणि त्याच्या आईवडिलांची माफी मागितली. तो अजून त्या मशीनपाशी उभा राहत नाही आणि मी आग्रह करत नाही. पण ढकलण्याचे ठोकळे आणि पकडीचे साचे तोच बनवतो. मागच्या महिन्यात एक नवा मुलगा गार्ड न लावता मशीन सुरू करायला निघाला, तेव्हा यानेच पलीकडच्या बाकावरून हाक मारून त्याला थांबवले. आपला डावा हात वर करून दाखवला आणि पुन्हा कामाला लागला.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी, शेतात किंवा मंडळीच्या इमारतीत कोणता कठडा करायचा राहून गेला आहे?
२. "देव सांभाळील" हे शब्द विश्वासाने केव्हा बोलले जातात आणि आळसाने केव्हा?
३. आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल देव आपल्याला काय विचारील?

प्रार्थनेचे विषय

प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या हातांसाठी आणि डोळ्यांसाठी. शिकवणाऱ्या मिस्त्रींच्या आरोग्यासाठी. आणि घाईच्या वेळी "आज नको, उद्या करू" असे म्हणण्याचे धैर्य मला मिळावे म्हणून.

प्रभूच्या सेवेत,
तुमचा सहकारी