ऑक्टोबरची लेक

अगं, काल फोनवर तुझा आवाज एवढा पडलेला होता की रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. "ताई, पोरीला खाली ढकललं. मैत्रिणी अंडर-१७ ला जाणार आणि ही पुन्हा अंडर-१६ लाच." आज जरा निवांत बसलेय, तर नीट सांगते.

तिला कुणी खाली ढकललेलं नाही. वय मोजायची तारीख बदललीय. इथल्या क्लब सॉकरमध्ये २०१७ पासून जन्मवर्ष धरायची सक्ती होती, जानेवारी ते डिसेंबर. जगात बहुतेक ठिकाणी तसंच मोजतात, म्हणून यूएस सॉकरने ते आणलं. पण शाळा काही जानेवारीत सुरू होत नाही. आपल्या न्यू जर्सीत बहुतेक शाळा १ ऑक्टोबरची तारीख धरतात. आपली पोर ऑक्टोबर २०१० ची. थोडक्यात तारीख हुकली आणि ती २०२९ ला हायस्कूल संपवणाऱ्यांत गेली. संघातल्या बाकीच्या मुली २०१० च्याच, पण जानेवारी ते सप्टेंबरमधल्या. त्या एक इयत्ता पुढे, २०२८ च्या. बाबांच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून लिहिला आणि आयुष्यभर तीच त्यांची जन्मतारीख झाली, ते आठवतं ना? कागदावरची एक तारीख माणसाला कुठच्या कुठे नेऊन बसवते.

२०२४ चा सप्टेंबर तू विसरली नसशील. मैत्रिणी नववीत गेल्या, हायस्कूलच्या संघातून खेळायला लागल्या, त्यामुळे क्लबचे सामने थांबले. ही आठवीतच. थंडी पडेपर्यंत एकटी गॅरेजच्या दारावर चेंडू मारत बसायची. तू मला व्हिडिओ पाठवला होतास, मी तो पुरता बघू शकले नाही. अशा मुलांना इथे 'ट्रॅप्ड' म्हणतात. अडकलेली. मला तो शब्द नवा नव्हता, कारण माझी लेक नोव्हेंबर २००७ ची.

तिचं सगळं मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. कॉलेजचे कोच मुलांना जन्मवर्षाने शोधत नाहीत, हायस्कूल कोणत्या वर्षी संपणार त्यावरून शोधतात. डिव्हिजन वनचे कोच दहावीची इयत्ता संपल्यावरच्या १५ जूनपासून मुलांशी स्वतःहून बोलू शकतात, त्याआधी नाही. तिच्या संघातल्या मुलींचा तो दिवस २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या वर्षभर शोकेस सामन्यांना मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून कोच बसलेले असायचे. मी मागे उभी राहून बघायची. हातातल्या यादीवर बोट फिरायचं, तिच्या नावापुढे २०२६ दिसलं की बोट पुढच्या नावावर. खेळ चांगला होता तिचा. पण त्यांना त्या वर्षी २०२५ च्या मुली हव्या होत्या. तिची वेळ आली तेव्हा मैत्रिणींचं ठरून गेलेलं. पुढे त्या कॉलेजला गेल्या, संघ विखुरला आणि शेवटच्या वर्षी तिला अनोळखी मुलींच्या अंडर-१९ मध्ये नव्याने जागा करावी लागली. आता ऑगस्टमध्ये ती डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात जाईल. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, तिला अभ्यासावर थोडी मदत मिळाली. ती खूश आहे. माझ्या मनात मात्र ते यादीवरचं बोट अजून आहे.

म्हणून सांगते, हा बदल तुझ्या लेकीच्या वाट्याला वेळेवर आलाय. २०२६-२७ पासून यूएस यूथ सॉकर, एवायएसओ आणि यूएस क्लब सॉकर या तिन्ही संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं वर्ष धरणार आहेत. (आधी १ सप्टेंबर जाहीर झालं होतं. व्हॉट्सॲपवर अजून तेच फिरतंय, त्यावर जाऊ नकोस. आणि सगळ्या लीगनी एकसारखं केलेलं नाही, तेव्हा आपल्या क्लबला विचारून घे.) ऑगस्ट २०१० ते जुलै २०११ हा तिचा गट. म्हणजे बहुतेक मुली तिच्याच इयत्तेच्या. संघ बघायला येणारे कोच २०२९ च्याच मुली बघायला येतील. अंडर-१६ पुन्हा आलं ते यासाठी.

आता मे महिन्यात ट्रायआउट आहेत. "मैत्रिणींबरोबरच खेळू दे, मोठ्यांत खेळली तर तयार होईल" असं तू म्हणशील, मीही म्हटलं असतं. कोचनी आपणहून वर खेळायला बोलावलं तर गोष्ट वेगळी. पण मैत्रीसाठी तिला पुन्हा २०२८ च्या मुलींत नेऊन बसवू नकोस. आपण ज्यातून सुटलो तिथेच परत जाणं होईल ते.

आणि एक गोष्ट हळूच सांगते, तिला लगेच बोलू नकोस. इतकी वर्षं ती संघातली सगळ्यात लहान होती, आता मोठ्यांपैकी एक होईल. उंची, ताकद, धावण्याचा वेग यावर सामने निघतील. आपल्याला आनंद होईल, पण तिथेच मुली सैलावतात. लहान होती म्हणून ती चेंडू येण्याआधी मान वळवून बघायची, पहिल्या स्पर्शातच वाट काढायची. ती सवय तिने कमावलेली आहे, ती जाता कामा नये. तेवढं मात्र तिच्या कोचच्या कानावर घाल.

तुझ्या शेजारणीच्या मुलीचंही बघ जरा. ती २०१० च्या सप्टेंबरची ना? न्यू जर्सीच्या तारखेमुळे ती शाळेत २०२८ ची आणि नव्या गटात २०२९ च्या मुलींबरोबर. तिची अडचण आता उलटी झाली, तिने वरच्या गटासाठी आत्ताच बोलायला हवं. जुलैत जन्मलेल्या मुली तर एका रात्रीत सगळ्यात लहान झाल्या. त्यांच्या आयांसमोर आपल्या आनंदाचा गाजावाजा नको.

नवरोजी म्हणत होते ना, एक वर्ष शाळेत मागे ठेवू, म्हणजे कोचना जास्त वेळ मिळेल? नको गं. गट जुळल्यावर त्याची गरजच राहिली नाही. आणि डिव्हिजन वनला सोळा कोअर विषय लागतात, त्यांतले दहा बारावी सुरू होण्याआधी व्हावे लागतात. त्यापेक्षा काउन्सेलरबरोबर बसून ते मोजा.

पैशाचंही उघड बोलते. जून २०२५ मध्ये कोर्टाने कॉलेजच्या खेळांबद्दलचा तो मोठा समझोता मंजूर केला, त्यानंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांत, काही अपवाद सोडले तर, सॉकरच्या संघात २८ च्या वर खेळाडू ठेवता येत नाहीत. स्कॉलरशिपवरची जुनी मर्यादा गेली, पण प्रत्येकीला पैसे द्यायचं बंधनही नाही. जागाच मोजक्या झाल्यात. घराचं गणित स्कॉलरशिप धरून मांडू नकोस.

तिचा दिवस १५ जून २०२७. त्याआधी डिव्हिजन वनचे कोच भरतीबद्दल उत्तर देऊ शकणार नाहीत, पण मेल ती पाठवू शकते. विषयाच्या ओळीत सगळ्यात आधी २०२९, मग जागा, जर्सीचा नंबर, पुढच्या सामन्यांच्या वेळा. मेल तिनेच लिहायचा, तू नाही. माझ्या लेकीने तिचे जुने मेल जपून ठेवलेत. शनिवारी लेकीला घेऊन माझ्याकडे जेवायला ये. मी पुरणपोळी करते, आणि त्या दोघी वर बसून पहिला मेल लिहितील.