टेस्ट सर्व्हर रोज नवा: खर्च किती, वाचतो किती

अंजनगाव सुर्जीत बसून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची पाच जणांची टीम. पाचांत टेस्ट सर्व्हर एकच. कोणी त्यावर अर्धवट बदल टाकतो, कोणी खोट्या पावत्यांचा ढीग करून ठेवतो. महिनाभरात चूक प्रोग्रॅमची की साचलेल्या कचऱ्याची, हेच कळेनासं होतं. म्हणून आम्ही सर्व्हर रोज संध्याकाळी मोडतो आणि सकाळी स्क्रिप्टनं कोरा उभारतो. लहान टीमनं तरी हे करावंच, कारण यात पैसेही वाचतात.

हिशेब असा. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीचा ४ जीबी मेमरीचा साधा सर्व्हर महिन्याला २४ डॉलरचा, म्हणजे तासाला साधारण साडेतीन सेंट. डॉलर ९० रुपये धरला, तर महिनाभर अखंड चालू ठेवल्यास २,१६० रुपये. १८ टक्के जीएसटीसह सुमारे २,५५०. रोज दहा तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर २६० तासांचे ८३६ रुपये. ज्यावरून सर्व्हर उभारतो, त्या १० जीबीच्या स्नॅपशॉटचे ५४ मिळवा. करासह १,०५० च्या आसपास. महिन्याला दीड हजार हातात राहतात. मात्र इथं सर्व्हर नुसता बंद करून भागत नाही. बंद सर्व्हरचंही बिल चालूच राहतं. तो काढूनच टाकावा लागतो.

काढून टाकलेला सर्व्हर स्वतःला उभारू शकत नाही, तेव्हा वेळापत्रक दुसरीकडे हवं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते ठेवू नका. पावसाळ्यात रात्री लाइन गेली की सकाळी सगळे हात बांधून बसतात. गिटहब अ‍ॅक्शन्सवर ते ठेवा. तिथं खाजगी कोडसाठी महिन्याला २,००० मिनिटं फुकट आहेत. उभारणीला बारा मिनिटं लागली तरी २६ दिवसांची ३१२ होतात. वेळ नेमकी तासाच्या ठोक्यावर लावू नका. तेव्हा गर्दी असते आणि काम मागे पडतं. आमची उभारणी ८ वाजून ४७ मिनिटांनी सुरू होते.

वेळेचा घोळ आम्हाला महागात पडला आहे. सर्व्हर अखंड चालू ठेवून रात्री दोनला रीबिल्ड करायचो, तेव्हाची गोष्ट. क्रॉनच्या वेळापत्रकात दोन वाजता असं लिहिलं, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं. तिथले दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. उन्हाळा होता, उन्हाआधी काम उरकावं म्हणून एक सहकारी सहालाच बसला होता. पावणेआठला त्याचा फोन आला : "भाऊ, माह्या नोंदी कोनं पुसल्या?" दीड तासाचं काम गेलं होतं. रात्री दोनसाठी यूटीसीत आदल्या दिवशीचे २०:३० लिहायला हवे होते.

आणखी एक अडचण काही दिवसांनी येते. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असलं, तरी त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच मिळतात. रोजच्या उभारणीत रोज नवं मागितलं, की कधीतरी ही मर्यादा संपते आणि त्या सकाळी साइट उघडताना ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. सर्टिफिकेट त्याच्या मुदतीत एकदाच घ्या, सुरक्षित जागी ठेवा आणि स्क्रिप्टनं ते नुसतं चढवा.

स्नॅपशॉटमध्ये ग्राहकांची खरी नावं, मोबाइल नंबर, आधार क्रमांक राहू देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो डेटा आपल्यावर विश्वास ठेवलेल्या माणसाचा असतो. बनावट नावांचा डेटाबेस करायला आम्हाला दोन दिवस लागले. तो खर्च एकदाचाच.

बिलाची मर्यादा ओलांडली की मेल येईल, अशी सूचना लावून ठेवा. मोडण्याची स्क्रिप्ट एखाद्या दिवशी अडली तर कळतं. संध्याकाळी साडेसहाला आमच्या ग्रुपवर आपोआप एक मेसेज पडतो : आज रात्री सर्व्हर कोणाला हवा आहे का? कोणी 'हो' लिहिलं, की त्या दिवशी मोडणं टळतं. चौदा तास जादा, करासह ५३ रुपये.