चित्रपुस्तकाचे प्रकट वाचन आणि आकलनाचे शिक्षण

मूल अक्षराला अक्षर जोडून धड्यातील ओळ अचूक म्हणून दाखविते; परंतु त्या ओळीत काय सांगितले आहे, असे विचारताच ते गप्प राहते. प्राथमिक शाळांतील हा अनुभव नवा नाही. अक्षरओळख पक्की झाली की अर्थ आपोआप उमगेल, या समजुतीवर वाचनाचे अध्यापन दीर्घकाळ चालत आले आहे. ही समजूत अपुरी आहे. १९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे दोन घटक सांगितले : छापील मजकूर उलगडून शब्द ओळखणे आणि ऐकलेल्या भाषेचा अर्थ लावणे. वाचन म्हणजे या दोहोंची बेरीज नसून गुणाकार होय, अशी त्यांची मांडणी आहे. गुणाकारात एक संख्या शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते.

आकलन तपासले जाते, पण ते शिकविले जाते काय, हा प्रश्न डोलोरेस डर्किन यांनी अमेरिकेत विचारला. १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या ४,४६९ मिनिटांचे निरीक्षण होते. त्यांपैकी आकलन कसे करावे हे शिकविण्यात अवघी २० मिनिटे खर्ची पडली होती. आपल्याकडील चिंता याहून मूलभूत आहे. प्रथम या संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार २०२२ साली ग्रामीण भारतात तिसरीच्या सुमारे २०.५ टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात म्हणूनच समजपूर्वक वाचनावर भर देण्यात आला.

चित्राचे काम

चित्रांच्या साहाय्याने मुलांना शिकविण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस यांचे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे छापले गेले. आधुनिक चित्रपुस्तक त्यापुढे एक पाऊल जाते. त्यात चित्र ही मजकुराची केवळ सजावट नसते. गोष्टीचा काही भाग शब्द सांगतात आणि काही भाग चित्र सांगते. दोहोंची सांगड घालून न सांगितलेले ओळखणे हेच आकलनाचे मर्म आहे.

पॅट हचिन्स या ब्रिटिश लेखिका-चित्रकर्तीचे ‘रोझीज वॉक’ हे १९६८ सालचे पुस्तक याचे उत्तम उदाहरण आहे. एक कोंबडी फेरफटका मारून सुखरूप घरी परतते, एवढेच त्यातील मोजके शब्द सांगतात. चित्रांत मात्र तिच्या मागावर एक कोल्हा आहे. प्रत्येक झडपेसरशी तो फसतो. कधी तळ्यात पडतो, कधी त्याच्या अंगावर पिठाची रास कोसळते. कोल्ह्याचा उल्लेख मजकुरात एकदाही येत नाही. वर्गात हे पुस्तक दाखविले की शिक्षकाच्या आधी मुलेच तो हेरतात. कोंबडीला कोल्हा दिसला होता की नाही, यावर त्यांच्यात मतभेद होतात आणि प्रत्येक जण चित्रातील पुरावा पुढे करतो. अक्षरे न येणारे मूलही येथे अनुमान काढीत असते. शिवाय ओलांडून, भोवतीने, वरून, मधून, खालून ही शब्दयोगी अव्यये कोंबडीच्या वाटेवर मुलांना अर्थासह भेटतात.

वर्गातील पद्धती

शिक्षकाने पुस्तक आधी स्वतः वाचून थांबण्याच्या तीन-चार जागा निश्चित कराव्यात. चित्र सर्वांना दिसेल अशा रीतीने मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवावे. पट मोठा असल्यास दोन गट करावेत. प्रथम मुखपृष्ठ दाखवून गोष्ट कशाची असेल, याचा अंदाज घ्यावा. वाचताना ‘पुढे काय होईल ?’, ‘असे का वाटते ?’ आणि ‘हे कशावरून ओळखले ?’ हे प्रश्न विचारावेत. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण तो मुलाला पुराव्याकडे वळवितो. अधूनमधून शिक्षकाने स्वतःचा विचारही बोलून दाखवावा : ‘कोल्ह्याची नजर कोंबडीवर आहे, म्हणजे तो आता झडप घालणार.’ अर्थ कसा लावला जातो, हे त्यातून मुलांना कळते.

एका वाचनाने काम भागत नाही. पहिल्या दिवशी गोष्टीचा आनंद, दुसऱ्या दिवशी प्रश्न व नवे शब्द, तिसऱ्या दिवशी मुलांकडून पुनर्कथन, असा क्रम ठेवता येतो. प्रत्येक गोष्टीअखेर तात्पर्य वदवून घेण्याचा आग्रह मात्र टाळावा. त्यामुळे मुले गोष्टीऐवजी शिक्षकाला हवे असलेले उत्तर शोधू लागतात. हा उपक्रम अक्षरशिक्षणाला पर्याय नसून त्याची जोड आहे, हेही ध्यानी ठेवावयास हवे.

गोंडी, कोरकू, भिली यांसारख्या भाषा बोलणाऱ्या घरांतील मुलांना प्रमाण मराठी शाळेतच प्रथम भेटते. अशा मुलांनी चित्राविषयी प्रथम आपल्या भाषेत बोलावे आणि शिक्षकाने त्याच आशयाचे मराठी वाक्य पुढे ठेवावे. मूल गप्प आहे म्हणून त्याला समजत नाही, असा निष्कर्ष मग घाईने काढला जात नाही.

कपाटाबाहेरची पुस्तके

मराठीत अशा पुस्तकांची उणीव नाही. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’, राष्ट्रीय पुस्तक न्यासाची नेहरू बाल पुस्तकालय माला, तसेच प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील विनामूल्य मराठी पुस्तके सहज नजरेसमोर येतात. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानेही प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असा निकष घातला आहे.

अडचण बहुधा वेगळीच असते. पुस्तक फाटले अथवा हरवले तर जबाबदारी आपल्यावर येईल, या धास्तीने ते कपाटात कुलूपबंद राहते आणि नोंदवहीत सुस्थितीत असल्याचे दिसते. वापराने झिजलेले पुस्तक हे नुकसान नसून उपयोगाची खूण होय, ही भूमिका पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनी स्पष्टपणे घेतली, तर शिक्षकांची ही धास्ती दूर होईल. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत सदस्यांनी शाळाभेटीत पुस्तकांची संख्या विचारण्यापेक्षा एखाद्या मुलाला चालू आठवड्यातील गोष्ट सांगावयास लावावी. गावात उत्तम कथा सांगणारे ज्येष्ठ स्त्री-पुरुष असतात. त्यांनाही वर्गात बोलावता येईल.

या साऱ्यासाठी रोजची पंधरा मिनिटे आणि उघडे कपाट पुरेसे आहे. अर्ज, सातबाराचा उतारा अथवा औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचून तिचा अर्थ स्वतः लावू शकणारा नागरिक घडण्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात, ‘हे कशावरून ओळखले ?’ या साध्या प्रश्नाने होत असते.