उसाचा दर आणि बीजगणिताची भाषा

घोड व भीमा नद्यांच्या पाण्यावर शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाची शेती वाढली; न्हावरे आणि पाटस येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या दराचा निर्णय शब्दांत जाहीर होतो, हिशेब मात्र सूत्राने करावा लागतो. त्यामुळे शब्दांचे सूत्र आणि सूत्राचे शब्द करता येणे ही केवळ शाळेच्या वर्गापुरती बाब राहत नाही.

केंद्र शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरविलेला रास्त व किफायतशीर दर असा : साखर उतारा १०.२५ टक्के असल्यास क्विंटलला ३५५ रुपये. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये अधिक. त्याखालील प्रत्येक ०.१ टक्क्यास तितकेच कमी.

ठाऊक नसलेल्या राशीला भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके तितके’, असे म्हटले. येथे उतारा ‘क्ष’ मानू. ‘त्यावरील’ या शब्दाचे रूप (क्ष − १०.२५) असे होते. एका टक्क्यात ०.१ चे दहा भाग असल्याने पूर्ण टक्क्यास ३४.६० रुपये पडतात. म्हणून,

दर = ३५५ + ३४.६० × (क्ष − १०.२५)

उतारा ११.२५ असल्यास दर ३८९.६० रुपये, म्हणजे टनाला ३,८९६ रुपये होतो. ‘प्रत्येक ०.१ टक्क्यास’ हे शब्द ‘प्रत्येक टक्क्यास’ असे वाचले गेले, तर हाच हिशेब टनामागे ३११.४० रुपयांनी कमी भरतो. कंस गाळल्यास फरकाऐवजी संपूर्ण उताऱ्यालाच गुणले जाते आणि उत्तर निरर्थक ठरते.

उलट वाचनही तितकेच आवश्यक आहे. उतारा १०.२५ हून कमी असता कंसातील संख्या ऋण होते. ‘तितकेच कमी’ हे शब्द त्या एका चिन्हात सामावतात. तथापि, उतारा ९.५ टक्क्यांहून कमी असल्यास आणखी कपात न करता ३२९.०५ रुपये द्यावेत, ही अट या सूत्रात दिसत नाही. ती शब्दांतच लिहावी लागते. तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा झाल्यावर हाती येणारी रक्कम हेही निराळे पद होय.

शिक्षकांनी असे निर्णय फळ्यावर मांडावेत आणि विद्यार्थ्यांकडून सूत्र पुन्हा मराठीत वदवून घ्यावे. ग्रामसभेत दराची चर्चा होईल तेव्हा हिशेबाची पावती पडताळणारे हात गावातच तयार असतील.