चार जणांचं विमान

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो. वैमानिकाचा खासगी परवाना मिळाला आहे. पत्नी व दोन मुलांसह फिरायला जुनं सेसना १७२ घ्यावं का?

उत्तर : आधी घरातला वजनकाटा काढा. १७२ मध्ये खुर्च्या चार असल्या, तरी १७२ एस मॉडेल माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ४०० किलोच उचलतं. टाक्या पूर्ण भरल्या की त्यातले १४५ किलो इंधनातच जातात. मुलं लहान आहेत तोवर जमेल, पण ती वाढणारच. शिवाय टेक्सासच्या उन्हात हवा विरळ होते आणि चढण मंदावते. म्हणून मी जास्त वजन उचलणारं सेसना १८२ सुचवेन. पेट्रोल जास्त पितं, तरी घ्या.

वर्षानुवर्षं हँगरमध्ये उभं असलेलं ‘कमी तासांचं’ विमान पाहून भुलू नका. न उडवलेल्या इंजिनात कॅमशाफ्टला गंज चढतो आणि तो बाहेरून दिसत नाही. आठवड्याला उडणारं विमान बरं. विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या, लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचा. हँगरभाडं, विमा आणि सक्तीची वार्षिक तपासणी हा खर्च विमान उडो न उडो, येतोच.

आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळेपर्यंत ढग दिसले तर मुलांना सरळ सांगा, आज गाडीनं जायचं.